शिंपल्याला अँटिबायोटिक कोण देतं?

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांना समुद्र नाही. तरीही तालुक्याच्या दवाखान्यात पेशंटला जी सलाईन लावतात, ती कारखान्यातून बाहेर पडण्याआधी तिची एक तपासणी होते आणि त्या तपासणीचं मूळ एका समुद्री प्राण्याच्या रक्तात आहे. हॉर्सशू क्रॅब हे त्याचं नाव. घोड्याच्या नालेच्या आकाराची कडक पाठ, मागे टोकदार शेपटी आणि रक्त निळं, कारण त्यात लोहाऐवजी तांबं असतं. नावात क्रॅब असलं तरी खेकड्यापेक्षा कोळी आणि विंचू त्याला नात्याने जवळचे. आपल्या देशात तो ओडिशा आणि पश्चिम बंगालच्या किनाऱ्यावर सापडतो.

जुन्या माणसांना विचारा, सलाईन चालू असतानाच हुडहुडी भरून ताप आल्याच्या गोष्टी ते सांगतील. ‘सलाईनची रिअ‍ॅक्शन आली’ म्हणतात ती. तिची कारणं बरीच असू शकतात. त्यातलं एक महत्त्वाचं कारण म्हणजे मेलेल्या जिवाणूंचे अवशेष. काही जिवाणूंच्या अंगावर बाहेरून एक स्निग्ध आवरण असतं. औषध वाफेच्या दाबाखाली ठेवलं की जिवाणू मरतात, आवरणाचे तुकडे मात्र तसेच शिल्लक राहतात. त्यांना एंडोटॉक्सिन म्हणतात. ते थेट रक्तात गेले की थंडी वाजते, ताप चढतो, प्रमाण जास्त असेल तर रक्तदाबही कोसळतो. म्हणजे बाटलीत जिवंत जंतू नसले तरी भागत नाही, त्यांचे हे अवशेषही नकोत. पूर्वी ते तपासायला ससे वापरत. सशाला औषध टोचायचं आणि त्याला ताप येतो का ते मोजत बसायचं.

१९५६ मध्ये अमेरिकेत फ्रेडरिक बँग यांनी लिहून ठेवलं की हॉर्सशू क्रॅबच्या अंगात ठरावीक जिवाणू गेले की त्याचं रक्त गोठतं. पुढे जॅक लेविन यांच्यासोबत त्यांनी १९६४ मध्ये दाखवलं की त्यासाठी जिवाणू जिवंत असायचीही गरज नाही, एंडोटॉक्सिन पुरतं. या प्राण्याच्या रक्तपेशींमध्ये एन्झाइमांची एक साखळी झोपलेली असते. फॅक्टर सी नावाचं पहिलं एन्झाइम एंडोटॉक्सिनला चिकटलं की जागं होतं, ते दुसऱ्याला जागं करतं, दुसरं तिसऱ्याला, आणि शेवटचं एन्झाइम त्याच पेशींमधून सुटलेल्या, विरघळलेल्या एका प्रथिनाची घट्ट जाळी करून टाकतं. जंतू जिथल्या तिथे अडकतो. एकेक एन्झाइम पुढच्या असंख्य रेणूंना जागं करत जातं, त्यामुळे सुरुवातीचा इशारा कितीही बारीक असला तरी शेवटी डोळ्यांना दिसेल एवढी गुठळी होते. एका ग्रॅमचे लाख कोटी भाग केले, तर त्यातले मोजके भागही ही तपासणी पकडते. १९७७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सशांऐवजी ती वापरायला परवानगी दिली आणि जगभर इंजेक्शनं, सलाईन, लसी या रक्ताच्या कसोटीवर तपासल्या जाऊ लागल्या.

याची किंमत तो प्राणी मोजतो. त्याला पकडून काही रक्त काढतात आणि परत समुद्रात सोडतात, पण त्यातले काही मरतात. म्हणून सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी फॅक्टर सीचा जीन वेगळा काढून ते एन्झाइम प्रयोगशाळेत तयार करायची वाट शोधली. युरोपच्या औषधसंहितेत २०२१ पासून तिला जागा मिळाली आहे. मला यातली ही दुसरी पायरी पहिलीपेक्षा मोठी वाटते. एन्झाइमचा नकाशा एकदा हाती आला की प्राण्याला त्रास देण्याची गरज उरत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. हॉर्सशू क्रॅब असो, कोळंबी असो, खेकडा असो, की कालवं आणि तिसऱ्या हे शिंपले असोत, पाठीचा कणा नसलेला यांतला कुठलाच प्राणी अँटिबॉडी बनवत नाही. गोवर एकदा होऊन गेला की पुन्हा होत नाही, ही सोय आपल्याला अँटिबॉडी आणि त्यांच्या स्मरणशक्तीमुळे मिळते. शिंपल्याला ती नाही. आणि राहायचं कुठे, तर समुद्राच्या अशा पाण्यात की ज्याच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण दहा लाख जिवाणू असतात. कालवं तर तेच पाणी दिवसभर अंगातून गाळून त्यातलं अन्न काढून खातात, म्हणजे जंतू अंगावर येण्याची वाटही पाहत नाहीत, स्वतः आत घेतात. तरी हे प्राणी कोट्यवधी वर्षं टिकून आहेत. त्यांच्याकडे जंतूंना मारणारी छोटी प्रथिनं आहेत, जंतू गिळणाऱ्या पेशी आहेत आणि एन्झाइमं आहेत. या लेखात फक्त एन्झाइमांबद्दल बोलू.

एन्झाइम म्हणजे शरीरातली एखादी ठरावीक रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन. पुस्तकात त्याला विकर म्हणतात. ते स्वतः खर्च होत नाही. एक काम झालं की तोच रेणू लगेच पुढच्या कामाला लागतो. अँटिबायोटिकचा रेणू साधारणपणे एका ठिकाणी जाऊन बसतो आणि तिथलं काम अडवतो. एन्झाइमचा एकच रेणू शेकडो, हजारो ठिकाणी घाव घालू शकतो. शास्त्रज्ञांना एन्झाइमांची ओढ वाटते ती मुख्यतः यामुळे.

यातलं सगळ्यात ओळखीचं नाव लायसोझाइम. लातुरात नीटची तयारी करणाऱ्या प्रत्येक पोराला ते पाठ असतं: ‘अश्रू आणि लाळेत असतं, जंतू मारतं.’ एवढ्यावर पान उलटलं जातं याचं मला नेहमी वाईट वाटतं, कारण खरी गंमत पुढे आहे. पेनिसिलिन सापडायच्या आधी, १९२१ मध्ये, अलेक्झांडर फ्लेमिंग यांना सर्दी झाली होती. त्यांनी स्वतःच्या नाकातला शेंबूड जिवाणू वाढलेल्या बशीत टाकला आणि त्याच्या आसपासचे जिवाणू विरघळलेले दिसले. १९२२ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं आणि त्या पदार्थाला लायसोझाइम नाव दिलं. पेनिसिलिन त्यानंतर सहा वर्षांनी, १९२८ मध्ये आलं.

ते काम कसं करतं? जिवाणूभोवती साखरेच्या दोन रेणूंची आलटून पालटून लांबच लांब साखळी, आणि अशा साखळ्यांना आडव्या जोडणाऱ्या प्रथिनांच्या गाठी, अशी विणलेली भिंत असते. घरातली सुतळीची बाज डोळ्यांसमोर आणा. वीण शाबूत आहे तोवर बाज माणसाचं वजन पेलते. मधले चार-दोन पेड कापले की बसणारा खाली. जिवाणूच्या आतला दाब बाहेरच्यापेक्षा खूप जास्त असतो आणि तो या भिंतीच्या जोरावर थोपवलेला असतो. लायसोझाइम साखरेच्या त्या दोन रेणूंमधला बंध कापतं. पुरेसे बंध कापले गेले की भिंत दाब पेलत नाही आणि जिवाणू फुटतो. पेनिसिलिनचाही रोख याच भिंतीवर आहे, पण ते नवी वीण घालणाऱ्या एन्झाइमांना अडवतं. म्हणून पेनिसिलिन वाढणाऱ्या जिवाणूवर चालतं, तर लायसोझाइम आधीची तयार भिंतच तोडतं.

हे डोळ्यांनी बघता येतं आणि त्याला फार सामान लागत नाही. मायक्रोकॉकस नावाच्या निरुपद्रवी जिवाणूची वाळवलेली पूड मिळते. ती क्षारयुक्त द्रावणात कालवली की पाणी दुधाळ होतं. दोन परीक्षानळ्यांत ते घ्यायचं आणि दोन्हींच्या मागे वहीचं लिहिलेलं पान धरायचं. अक्षरं दिसत नाहीत. मग एका नळीत कोंबडीच्या अंड्यातला पांढरा भाग पाण्यात पातळ करून त्याचे थेंब टाकायचे. काही मिनिटांत त्या नळीमागची अक्षरं आधी पुसट, मग स्पष्ट वाचता येऊ लागतात. दुसरी नळी तशीच दुधाळ राहते. गढूळपणा कमी झाला म्हणजे पेशी फुटल्या. जगभरच्या प्रयोगशाळांत लायसोझाइमची ताकद मोजायची हीच पद्धत आहे, फक्त तिथे डोळ्यांऐवजी प्रकाश मोजणारं यंत्र असतं. आईच्या दुधात हे एन्झाइम भरपूर असतं, गाईच्या दुधात अगदीच कमी, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

लायसोझाइमचे प्राण्यांमध्ये मुख्य तीन प्रकार मानतात: कोंबडीच्या अंड्यातलं, बदकाच्या कुळातल्या हंसाच्या अंड्यातलं आणि बिनकण्याच्या प्राण्यांमधलं. तिन्ही कापतात तो बंध तोच, पण रेणूची घडण वेगळी. शिंपल्यांमधलं लायसोझाइम मुख्यतः या शेवटच्या प्रकारातलं. कालवांमध्ये तर ते दोन कामांना लागतं. काही प्रकार जंतूंपासून बचाव करतात आणि काही पोटात उतरलेले जिवाणू पचवायला मदत करतात. आपल्याला जो शत्रू, तोच त्यांचा घास.

यातलं एक उदाहरण मला फार आवडतं. उत्तरेच्या थंड समुद्रात आइसलँड स्कॅलप नावाचा शिंपला असतो. नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये त्याच्यातून क्लॅमायसिन नावाचं लायसोझाइम वेगळं केलं. ते ४ अंश सेल्सिअसलाही काम करतं, म्हणजे फ्रिजच्या आतल्या थंडीत. आपली बहुतेक एन्झाइमं तिथे सुस्तावतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ते ज्यांच्या अंगावर स्निग्ध बाहेरचं आवरण असतं अशा जिवाणूंनाही रोखतं. वर एंडोटॉक्सिनच्या निमित्ताने ज्यांची ओळख झाली तेच हे जिवाणू. त्यांना ग्रॅम-निगेटिव्ह म्हणतात. त्यांची विणलेली भिंत आवरणाच्या आत लपलेली असते, त्यामुळे साधं लायसोझाइम तिच्यापर्यंत पोचतच नाही. ई. कोलाय, क्लेब्सिएला, स्यूडोमोनास ही आयसीयूमधल्या डॉक्टरांची झोप उडवणारी नावं याच गटातली आहेत. म्हणून आवरण ओलांडू शकणारं कुठलंही एन्झाइम सापडलं की त्याकडे लक्ष जातंच.

कोळंबीचं एन्झाइम आपण नकळत पाहिलेलं असतं. ताजी कोळंबी बर्फाविना ठेवली की डोक्याकडे काळे डाग पडतात. तिला जखम झाली की फिनॉलऑक्सिडेज नावाचं एन्झाइम जागं होतं आणि जंतूंना गुंडाळून टाकणारं काळं द्रव्य तयार करतं. मेल्यावरही ते एन्झाइम चालूच राहतं, त्याचे ते डाग. मासळीवाल्यांचं त्यात नुकसान, कोळंबीचं जिवंतपणी रक्षण.

सी हेअरची तऱ्हा मात्र अगदी निराळी. ही एक मऊ, जाड अंगाची समुद्री गोगलगाय. पाठीवर शंख दिसत नाही, डोक्यावर सशाच्या कानांसारखी दोन शिंगं. पळता येत नाही, चावता येत नाही. लॉब्स्टरने धरली की ती जांभळ्या शाईचा ढग सोडते. अटलांटातल्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठातल्या चार्ल्स डर्बी यांच्या गटाने या शाईतलं एस्केपिन नावाचं एन्झाइम अभ्यासलं. एस्केपिन लायसिन आणि आर्जिनिन या अमिनो आम्लांवर काम करून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं, आणि सोबत आणखी काही अल्पकाळ टिकणारे रेणू. आता रचना बघा. एन्झाइम शाईच्या ग्रंथीत असतं. ज्यावर ते काम करतं ते लायसिन दुसऱ्याच, शेजारच्या ग्रंथीत साठवलेलं असतं. दोन्ही ग्रंथी एकाच वेळी पिळल्या गेल्या, रस बाहेर पडताना एकत्र आले, तेव्हाच विष तयार होतं. साठवणीत असताना गोगलगायीला स्वतःला इजा नाही.

हायड्रोजन पेरॉक्साइड दवाखान्याच्या ड्रेसिंग रूममध्ये सगळ्यांनी पाहिलेलं आहे, जखमेवर टाकलं की फेस येतो ते. पण एस्केपिनच्या प्रयोगांत दिसलं की पेरॉक्साइड आणि ते दुसरे रेणू मिळून जिवाणूंवर जो परिणाम करतात तो नुसत्या पेरॉक्साइडने होत नाही. स्यूडोमोनासच्या चिकट थरावरही या जोडीची चाचणी झाली आहे. हा चिकट थर म्हणजे बायोफिल्म. मधुमेहाने चिघळलेल्या पायाच्या जखमेत, लघवीच्या नळीवर, जंतू एकमेकांना धरून स्वतःभोवती बुळबुळीत लगदा तयार करतात आणि त्यात औषध शिरत नाही. पायाला भेग पडली, कोयता लागला, शेतात काटा मोडला, साखरेमुळे कळलंच नाही आणि पंधरा दिवसांनी बोट काढायची पाळी आली, असे लोक बीडपासून हिंगोलीपर्यंत प्रत्येक गावात आहेत. त्यांच्यासाठी बायोफिल्म तोडणाऱ्या एन्झाइमांवरचं संशोधन मला सगळ्यात मोलाचं वाटतं. जखमेवर एन्झाइमने पेरॉक्साइड तयार करण्याची कल्पना हवेतली नाही. मधमाशीही मधात असंच एक एन्झाइम घालते आणि निर्जंतुक केलेल्या वैद्यकीय मधाची ड्रेसिंग आज वापरात आहेत.

कॉड माशाच्या आतड्यातलं ट्रिप्सिन तर बाजारातही आलं आहे. युरोपात घशात मारायच्या सर्दीच्या स्प्रेमध्ये ते मिळतं. अंटार्क्टिकाच्या क्रिल नावाच्या कोळंबीसारख्या छोट्या प्राण्यातली एन्झाइमं जखमेतलं मेलेलं मांस काढायला वापरून पाहिली गेली. थंड पाण्यातल्या प्राण्यांची एन्झाइमं कमी तापमानात वेगाने काम करतात, हे दोन्हींमागचं कारण.

मग सरळ गोळ्या का नाहीत बनवत? अडचणी खऱ्या आहेत आणि त्या झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

एन्झाइम म्हणजे प्रथिन. तोंडाने घेतलं तर पोट त्याला डाळीतल्या प्रथिनासारखंच पचवून टाकेल. रक्तात टोचलं तर शरीर त्याला परकं समजून त्याविरुद्ध अँटिबॉडी बनवू शकतं. शिवाय रेणू मोठा, त्यामुळे तो शरीरात हवा तिथे पोचेलच असं नाही. जिवाणूंवर हल्ला करणाऱ्या विषाणूंकडून घेतलेलं एक्झेबाकेस नावाचं असंच भिंत कापणारं एन्झाइम रक्तातल्या स्टॅफिलोकॉकस या जिवाणूवर माणसांमध्ये तपासलं जात होतं. २०२२ मध्ये तिसऱ्या टप्प्याची ती चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण फायदा दिसण्याची शक्यता उरली नव्हती. बशीत जंतू मेले आणि माणसाचा जीव वाचला, या दोन गोष्टींमध्ये खूप अंतर आहे. इंटरनेटवर ‘समुद्रात सापडलं नवं अँटिबायोटिक’ अशी बातमी दिसली की आधी ही गोष्ट आठवावी.

दुसरी अडचण आपल्याकडची. थंड समुद्रातल्या एन्झाइमची घडण सैल असते, म्हणून तर ते थंडीत चपळ. तीच घडण उन्हात लवकर बिघडते. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार, त्यात तासन्तास लाईट नाही, अशा ठिकाणी उपकेंद्राच्या कपाटात असं औषध टिकणार कसं? कोंबडीचं लायसोझाइम त्यामानाने चिवट आहे, त्याच्या रेणूला चार गंधकी टाके बांधून ठेवतात. नवीन समुद्री एन्झाइमांनाही असे जादा टाके घालण्याचं काम करावं लागेल किंवा कोरडी पूड करून ऐनवेळी कालवावी लागेल.

जंतू यालाही सरावणार नाहीत का? सरावतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियस आपल्या भिंतीतल्या साखरेवर एक जादा रासायनिक गट चिकटवतो आणि लायसोझाइमला त्यावर पकडच मिळत नाही. एन्झाइम हे हत्यार फक्त आपल्या बाजूचं आहे असंही नाही. पेनिसिलिन निकामी करणारं बीटा-लॅक्टमेज हेही जिवाणूंचं एन्झाइमच. २०१९ मध्ये जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे झाले, असा अंदाज आहे. मेडिकलवर जाऊन ‘तापाच्या दोन गोळ्या द्या, कडक द्या’ म्हणणं आणि दुकानदाराने त्यात अँटिबायोटिक घालून देणं आपल्याकडे रोजचंच. भारतात २०१४ पासून महत्त्वाची अँटिबायोटिकं एच-वन या अनुसूचीत आहेत. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती देता येत नाहीत आणि विक्रीची नोंद ठेवावी लागते. समुद्रातलं नवं एन्झाइम येईपर्यंत हातात असलेली औषधं शाबूत ठेवणं याला पर्याय नाही, आणि हे मी पूर्ण गांभीर्याने लिहितो आहे.

या एन्झाइमांचा उपयोग सगळ्यात आधी शरीराच्या बाहेर होईल असं माझं मत आहे. जखमेच्या मलमात, नळ्यांच्या लेपात, अन्न टिकवण्यात. युरोपात चीज टिकवायला अंड्यातलं लायसोझाइम आजही घालतात. आणि मराठवाड्याच्या दृष्टीने मत्स्यपालनात.

पैठणच्या नाथसागर जलाशयातला रोहू किंवा कटला मासा हातात घेतला की सटकतो, कारण अंगावर बुळबुळीत थर असतो. त्या थरात लायसोझाइम आणि प्रथिनं कापणारी एन्झाइमं असतात. माशाचं ते पहिलं चिलखत. जाळ्यात खरचटून किंवा टोपल्यात रगडून तो थर निघाला की एरोमोनाससारखे जंतू शिरतात, अंगावर व्रण पडतात, पोट फुगतं. शेततळ्यात मासे सोडणाऱ्या कित्येक शेतकऱ्यांनी हे पाहिलंय. अशा वेळी तळ्यात अँटिबायोटिक ओतलं तर ते पाण्यात, गाळात आणि शेवटी पिकाच्या पाण्यात जातं. त्याऐवजी माशाचं स्वतःचं एन्झाइम वाढवता येतं. यीस्टच्या भिंतीतलं बीटा-ग्लुकन खाद्यात मिसळून दिलं की माशांच्या रक्तातल्या लायसोझाइमचं काम वाढतं, हे वेगवेगळ्या माशांमध्ये दिसून आलं आहे. उदगीरला मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे. गोदावरीच्या वाळूत गोड्या पाण्यातले शिंपले आहेत आणि त्यांच्यातही लायसोझाइम असतं, पण ते थंड समुद्रातलं नव्हे, आपल्या उन्हाळ्याची सवय असलेलं. खाद्य बदलण्याआधी आणि नंतर माशाचं थोडं रक्त घेऊन तपासायचं असेल तर वर सांगितलेली मायक्रोकॉकसची दुधाळ नळीच लागते. पाणी किती लवकर निवळतं ते मोजलं की उत्तर मिळतं.